खिंडीतला डहाळ्यांचा ढीग

२० जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून वाट. कुकडटोला ते येनटोला, डोंगर ओलांडून अकरा किलोमीटर. आठ वर्षांत कोणी चाललेलं नाही – बांबू फुलून मेला, आडवा पडला, त्यावर रायमुनियाची काटेरी झुडपं माजली. सडकेने फिरून गेलं तर बेचाळीस किलोमीटर, तेही एसटीच्या मर्जीने. आता गस्तीला ही वाट पुन्हा हवी आहे. आम्ही इकडून साफ करत जायचं, पलीकडच्या परिक्षेत्राची टोळी तिकडून येणार. मध्ये कुठेतरी गाठ.

माझ्या टोळीत चौदा माणसं. त्यांचा नायक मी – वनपाल, वय एकावन्न, रामटेकला संस्कृत शिकलेला, अविवाहित (हेतुपुरस्सर नव्हे). रंभाबाईने विळ्याला धार लावता लावता विचारलं, "साहेब, तुमच्या शिक्षणात झुडूप कापाले शिकवते का?"

म्हटलं, कापायला नाही, पण एकेका झुडपाची दहा-दहा नावं शिकवतात.

"मंग तुम्ही नावं घ्या. आम्ही कापतो."

चारशे मीटर झाले. हाताला फोड. नायकाच्या हाताला फोड आल्याचा टोळीला फार आनंद.

२२ जानेवारी

जीपीएसवर सरळ रेषा आखून घेतली आहे. तिच्यावरून चालत झाडांना चुन्याचे पट्टे मारत जातो. बापूजी सत्तरीचे, जुनी वाट पायांत आहे म्हणतात. पट्टे पाहून म्हणाले, "हे वाट नाई साहेब. हे तार होय."

वळायला काही कारण लागतं, बापूजी.

"अन् सरळ जायाले नाई लागत?"

वनरक्षक धनराज खोकला. खोकला नव्हता तो.

२३ जानेवारी

संध्याकाळी पाचला दोन्ही टोळ्यांनी वायरलेसवर दिवसाचं काम सांगायचं, असा आदेश. पलीकडे वनपाल सुगंधाबाई. कधी पाहिलेल्या नाहीत – परिक्षेत्र वेगळं, मीटिंगा वेगळ्या.

"येनटोला. सहाशे दहा मीटर. ओव्हर."

मी चारशे ऐंशी सांगितले.

"काऊन हो, तुमचे माणसं बिमार आहेत का? ओव्हर."

माणसं ठणठणीत होती. नायकाला मात्र तेव्हापासून बरं वाटत नाही. फार बरं वाटतं आहे, असंही म्हणता येईल.

२५ जानेवारी

पाचशे नव्वद! टोळीला चहात साखर दुप्पट. पाचला आकडा सांगितला.

"सातशे पाच. ओव्हर." आणि हसल्या. हसताना बटण दाबून ठेवलं होतं. दाबून ठेवलं होतं म्हणजे मी ऐकावं म्हणूनच, असा माझा निष्कर्ष. धनराज म्हणतो, "साहेब, ते बटन अटकते." धनराजला तर्कशास्त्र येत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून परत कामावर. बांबूवर बसून डब्यातला भात खाताना सुगंधा हा शब्द आठही विभक्त्यांत चालवून पाहिला. आकारान्त स्त्रीलिंगी, मालेसारखा. अडचण काहीच नाही. संबोधनात 'हे सुगन्धे' येतं, तिथे थांबलो. रंभाबाई बघत होती.

"भात गोड लागून राह्यला का साहेब? एकटेच हासून राह्यले."

२७ जानेवारी

आज खाली आलो. कार्यालयातून फोन. मी गेल्या जूनमध्ये कोरपन्याला विनंती बदली मागितली होती – तिथे बहीण, जेवणाची सोय, संध्याकाळी बोलायला माणसं. ती मंजूर व्हायच्या बेतात आहे. मागे घ्यायची असेल तर दहा फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत लेखी द्या, नंतर चालणार नाही.

जूनमध्ये हा मला शहाणपणा वाटला होता.

दहा तारखेच्या आत सुगंधाबाईंना विचारायला हवं. काय, ते इथे लिहीत नाही. कागदालाही कळलं आहे.

२८ जानेवारी

सकाळी आमच्या साफ केलेल्या वाटेवर वाघाचे पंजे, कुकडटोल्यापासून थेट कामाच्या टोकापर्यंत. उद्घाटन परस्पर झालं. बापूजी म्हणाले, "सरळ वाट पसंत पडली बाप्पा कोणाले तरी." दिवसभर सगळे मोठमोठ्याने बोलत काम करत होते. मी सर्वांत मोठ्याने.

३० जानेवारी

दुपारी पाहिलं तर बापूजी आणि रंभाबाई गायब. शोधत कामाच्या टोकाच्या बरंच पुढे, वर गेलो. माझ्या रेषेपासून दीडशे पावलं वर एक खिंड आहे, तिथे डहाळ्यांचा ढीग. कमरेइतका उंच. खालच्या काटक्या काळ्या, कुजलेल्या, आठ वर्षांपूर्वीच्या. वर ताज्या तीन. इथून जाणाऱ्याने एक हिरवी डहाळी टाकायची, म्हणजे वाट सुखरूप जाऊ देते. जुनी वाट म्हणे याच्याच पायाशी वळसा घ्यायची.

माणसं दोन, डहाळ्या तीन कशा?

"एक माह्या मालकाची," रंभाबाई म्हणाली. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला आहे, घरी पडून असतो. "घरच्या माणसाची आपण टाकली तं चालते."

शेजाऱ्याची?

बापूजींनी मान हलवली. "नाई चालत. घरच्याचीच. उगाच कोणाची टाकाची नाई."

"तुम्ही नाई टाकत का साहेब?" रंभाबाईने विचारलं.

मी म्हटलं, शासकीय कामात डहाळीचा रकाना नाही. रेषेवर परतलो. वळसाबिळसा काही नाही. सरळ.

१ फेब्रुवारी

सिंदेवाहीला जाऊन शर्ट आणला. निळा.

३ फेब्रुवारी

शर्ट घालून कामावर. "रायमुनियाले दाखवाले आणला का?" – रंभाबाई. सकाळी दहाच्या आत बाही फाटली. संध्याकाळी वायरलेसवर आवाज आला, "ऐकलं की निळा शर्ट फाटला म्हणे. ओव्हर."

धनराजला विचारलं. तो झाडाकडे बघत होता.

५ फेब्रुवारी

साडेतीनशे मीटर उरले, दोन्ही बाजूंचे मिळून. उद्या गाठ. काय बोलायचं ते पाठ केलं. चार वाक्यं. पहिल्यात तीन समास होते, दोन काढले.

६ फेब्रुवारी

घडलं ते असं.

अकराला समोरून कुऱ्हाडींचे आवाज यायला हवे होते. ते मागून आले. आम्ही कापत पुढे, आवाज आणखी मागे. वायरलेस उचलला. आपण कुठे आहात?

"ढिगापाशी. तुम्ही कुठी? ओव्हर."

मी रेषेवर आहे.

"कोणत्या? ओव्हर."

आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो होतो! त्या जुन्या वाटेने आल्या, ढिगाला धरून. तिकडच्या कोणाला दुसरीकडून यायचं सुचलंही नव्हतं. मी तारेवरून निघून गेलो. आमच्या टोळीत हे ठाऊक नसलेला माणूस मी एकटाच. बापूजी तर सकाळपासून रेषेवर नव्हतेच – "डहाळी टाकाले गेलो होतो न" – ढिगापाशी बसून येनटोल्याच्या टोळीबरोबर चहा पीत होते.

रायमुनियातून दीडशे पावलं वर चढून गेलो. अंगभर ओरखडे, केसांत काटे. सुगंधाबाई दगडावर बसल्या होत्या. चष्मा, खाकी साडी, पायात पुरुषी बूट. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "या. हेच का निळा शर्ट?"

पाठ केलेली चार वाक्यं होती. मी म्हणालो, "आमचे एकूण पाच हजार दोनशे दहा मीटर."

"बरं," त्या म्हणाल्या.

नंतर आंबील प्यायलो. दोन टोळ्यांच्या एकतीस माणसांनी माझी रेषा बघून घेतली. एकेकाने, रांग लावून. ते फार वाईट होतं.

७ फेब्रुवारी

रेषेपासून ढिगापर्यंतचा जोड कापला. सरळ वाटेला बाक आला. बापूजींनी बाकावर उभं राहून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आता वाट झाली."

तरीही डहाळी टाकली नाही. इतक्यात टाकली असती तर रंभाबाईने महिनाभर जगू दिलं नसतं.

८ फेब्रुवारी

रंभाबाईची बहीण येनटोल्याला. आठ वर्षांनी तिला भेटायला पायी निघाली रंभाबाई, लुगडं नेसून, डोक्यावर लाखोळीच्या डाळीचं गाठोडं. तिच्याजवळ चिठ्ठी दिली. पहिला मसुदा दोन पानी. दुसरा एक पानी. शेवटी एवढंच: "माझी कोरपन्याला बदली होते आहे. जाऊ, की तुमच्यासाठी राहू? दहा तारखेपर्यंत सांगावं."

"वायरलेसवरच काऊन नाई विचारत?" रंभाबाई म्हणाली. "तसंही सारेच ऐकतेत."

९ फेब्रुवारी, रविवार

रंभाबाई परत. ओसरीत टेकायच्या आत विचारलं, काय म्हणाल्या?

"काई नाई."

वाचली?

"दोनदा."

मग?

"चष्मा पुसला. मले च्या पाजला. म्हणे, सांभाळून जाजो."

पाचला वायरलेस चालू ठेवला. काम संपलं, आता आकडे नाहीत. नुसती खरखर.

१० फेब्रुवारी, सकाळ

विनंती मागे घेण्याचा अर्ज लिहून ठेवला आहे. सही केली नाही. उत्तर नाही म्हणजे उत्तरच. कोरपन्याला बहीण पोळ्या चांगल्या करते. मधल्या सोळा दिवसांत फार हसलो, ते कुठेतरी भरून द्यावं लागणारच.

१० फेब्रुवारी, दुपार

बापूजी खिंडीतून उतरले. सुगंधाबाई सकाळी गस्तीला ढिगापर्यंत आल्या होत्या. डहाळ्या दोन टाकल्या.

"आजचंच नाई साहेब. सहा तारखेलेबी दोनच टाकल्या, तुम्ही वर याच्या आंधी. मी म्हटलं, बाई, दुसरी कोणाची? तं म्हणते, त्या सरळ रेषेवाल्याची. त्याले वेळ नाई भेटत."

चार दिवस का सांगितलं नाही?

"तुम्ही डहाळीचं कधी विचारलंच नाई."

सही केली. अर्ज घेऊन तीन चाळीसची एसटी.