राखेच्या राज्यातला पिवळा झगा

प्रिय छोट्या,

फोन करून करून थकले, तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सोमवारी तुमचा तो नियम लागू व्हायच्या आत तू हे वाचायलाच हवंस. लांबड लावणार नाही. लागलीच, तर ताई आहे म्हणून सोसून घे.

तुझी घोषणा वाचली. तुमच्या ऑनलाइन खेळातल्या राखेच्या राज्यात यापुढे हौसेचे कपडे बंद. कुणी काहीही विकत घेतलेलं असो, आत पाऊल टाकलं की सगळ्यांच्या अंगावर तेच काळं चिलखत. आणि उदाहरण म्हणून एका खेळाडूचं चित्र: भडक पिवळा झगा, नारिंगी टोपी, मागे तू रंगवलेल्या करड्या भिंती. खाली तुझी ओळ, ‘अशा एकामुळे सगळ्या राज्याची सर्कस होते.’ लोक काय हसले रे! कुणी केळं म्हणालं, कुणी भोपळा. त्यात तूही एक हसरा चेहरा टाकलास. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाहीये.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. दिवसभर शाळेचे गणवेश शिवणारी बाई आहे मी. सगळी पोरं एका रंगात उभी राहिली की डोळ्यांना कसं बरं वाटतं, ते मला शिकवू नकोस. तुझं राज्य मी पाहिलंय. ते धुकं, विझलेल्या चुली, राखेत उमटणारी पावलं. तिथे कुणी गुलाबी पंख लावून, डोक्यावर बेडूक घेऊन नाचायला लागलं की तुझ्या तळपायाची आग मस्तकात जाणारच. पण गणवेश शिवतानासुद्धा आम्ही माप घेतो, बाबा. ज्याच्या अंगावर चढणार त्याला विचारतो, कुठे काचतंय का. तू कुणाला विचारलंस?

त्या पिवळ्याला मी ओळखते. आम्ही एकाच टोळीत खेळतो. लढाईत अगदी भोपळा! तलवार उपसायला जातो आणि मशाल पेटवतो, कड्यावरून हमखास पडतो, आणि पडल्यावर सगळ्यांची माफी मागतो. टोळीतली पोरं वैतागतात. पण तुझं राज्य त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही, हे लिहून ठेव. बाकीचे राक्षस मारत पुढे पळतात, आणि हा प्रत्येक घरापाशी थांबतो, भिंतीला नाक लावून पोपडे बघतो. हे सगळं हातानं काढतात का, किती वेळ लागत असेल, काढणारा मधे जेवायला तरी उठतो का, असलं काहीबाही मला विचारत बसतो.

आईच्या डोळ्यांचं तुला कळवलं नव्हतं. तिनेच माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं. चित्रं काढून पोट भरत नाही असं ती म्हणाली, तू दार आपटून गेलास, आणि तेव्हापासून दोघंही हट्टाला पेटलेले. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! दरम्यान तिच्या नजरेचा मधला भाग गेला. आता कडेकडेचं तेवढं दिसतं, तेही अगदी नाकाशी असलं किंवा रंग भडक असला तर. करड्यावर काळं तिला दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही.

छोट्या, तो पिवळा म्हणजे आपली आई आहे. तुझं काम बघायचं म्हणून माझ्याकडून खेळ शिकली, आणि गर्दीत आपण कुठे आहोत ते सापडावं म्हणून दुकानातला सगळ्यात भडक झगा घेतला. तुझी घोषणा टोळीतल्या पोरांनी तिला मस्करीत वाचून दाखवली. मला वाटलं, रडेल. तर म्हणते कशी, बरोबरच आहे त्याचं, एवढं छान काढलंय पोरानं आणि मी मधेच कडमडले. नियमाची वाटसुद्धा न बघता तिने झगा आपणच उतरवला आणि काळं चिलखत चढवलं. आता पडद्याला डोळे लावून बसते आणि मला विचारते, यातली मी कुठली गं? माझ्याच्याने सांगवत नाही. नियम ठेव नाहीतर मोड, पण आधी घरी ये, तिच्या शेजारी बस आणि तू सांग तिला.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई