काकू, येते हं

३ नोव्हेंबर २००३

चिपळूण सोडताना आई रडली, मी नाही. दवाखान्यात ईसीजी काढायची नोकरी आणि मंगळवार पेठेत माडीवरची खोली, अजून काय हवं? मालक गणपतराव काकांचा जन्म उद्यमनगरात लेथवर गेला. आधी जेवायचं, मग बोलायचं, म्हणाले. अंबूकाकूंनी पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या पाजला. जेवण झाल्यावर काकांनी मनगट पुढे केलं, बघा डॉक्टरीणबाई. मी डॉक्टर नाही हे दहादा सांगून झालंय. नाडी दोन ठोके देते आणि एक गाळते. आमचं काळीज असंच, दोन पावलं चालतं, तिसऱ्याला टेकतं, म्हणाले. मी दवाखान्यात या म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या उदयसिंह डॉक्टरांनी बघून काही नाही म्हटलंय, त्यापेक्षा तूच खाली येत जा की. येते म्हटलं. भारी माणूस आहे.

९ नोव्हेंबर

काका गेले. सकाळी दाढी करता करता बसले ते उठलेच नाहीत.

खाली जाऊन काकूंजवळ बसले. उठताना सवयीने तोंडातून गेलं, काकू, येते हं. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मौतीच्या घरातून कुणी 'येते' म्हणत नाही, आमच्या चिपळुणातही नाही. न बोलता उठायचं असतं. हे मला कळत नाही का? पण मेली जीभ घसरली. काकू रडायच्या थांबल्या आणि विचारलं, कुनाला म्हनलीस गं? काकांना अजून हलवलं नव्हतं. मी त्यांच्या पायांशी उभी होते.

शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, शब्द माघारी घे. कसा घेऊ? 'जाते' म्हणू? मरायचं असल्याशिवाय तसं कुणी म्हणतं का?

१३ नोव्हेंबर

शिकलेली बाई मी, आणि जिना उतरताना छाती धडधडते. जिना नेमका काकांच्या दारापाशी उतरतो. तोंडाला कोरड, तळहात ओले. पेशंटच्या छातीवर वायरी उलट्यासुलट्या लावते. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरतो.

उदयसिंह डॉक्टर म्हणाले, भीती अंगात शिरली की आधी झोप खाते, मग भूक. घाबरू नका म्हणाले. त्यांचं काय जातंय.

१७ नोव्हेंबर

काकू लेकीकडे हुपरीला गेल्यात, खाली कुलूप आहे. भर दुपारी जिना चढत होते. बंद दाराआडून काकांच्या आवाजात विचारलं, येतीस न्हवं?

जिन्यातच बसले. कपडे ओले झाले तेही कळलं नाही. लाज वाटते लिहायला, पण झालं ते झालं.

१९ नोव्हेंबर

स्वतःचा ईसीजी काढला. दोन ठोके, एक गळलेला. पुन्हा दोन, एक गळलेला.

डॉक्टर म्हणाले, जागरण, चहा आणि भीती, दुसरं काही नाही. याने कुणी मरत नाही.

काकांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

२१ नोव्हेंबर

विंचरताना केस मुठीने येतात. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. आज पुन्हा विचारलं. उशीत कान दाबले तर नाडीच ऐकू येते, तीच चाल. आईला फोन केला. निघून ये म्हणाली. उद्या सकाळची गाडी.

पण जायचं त्याच दारावरून. दुसरी वाट नाही.

२२ नोव्हेंबर

बॅग भरली. येते म्हणणार नाही. जाते म्हणणार नाही. ओठ दातांत धरून उतरायचं —

अर्ध्या जिन्यात बसलेय. पाय उचलत नाहीत. हात कामात राहावा म्हणून लिहितेय. बाहेर ऊन आहे, दूधवाला ओरडतोय, एवढं जवळ आहे सगळं —

आतून विचारलं, येतीस न्हवं?

ओठ दातांत धरले.

दोन ठोके — मग काहीच नाही — किती वेळ काहीच —

आई गं —

म्हणाले, ऱ्हाऊ दे पोरी, दम लागला असंल तुला. बस तितंच. मीच येतो

कुलूप हल