ती एकच पायरी

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या आगाऊ धाकटीचा नमस्कार. मी मजेत. दुकान जोरात चाललंय, किल्ल्या हरवणाऱ्यांची जगात काही कमी नाही. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी का नाही, ते विचारू नकोस.

ठमीच्या पायाला प्लास्टर आहे. तीन पायांवर घरभर नाचते आणि डॉक्टरीणबाई दिसल्या की मेल्यासारखी पडून राहते. नाटकी कुठली!

तिचा विमा काढला तेव्हा तुम्ही दोघं किती हसलात. दाजी म्हणाले, "कुत्रीचा विमा? उद्या पेन्शनही चालू कर तिला." विमावाल्याने दोन प्रकार दाखवले होते. एक फक्त आजारपणाचा, स्वस्तातला. दुसऱ्यात अपघातही धरलेला, पण हप्ता जवळजवळ दुप्पट. तोच म्हणाला, "घरातली कुत्री, तिला कसला अपघात होतोय?" तरी मी महागडाच घेतला. दर महिन्याला हप्ता भरताना जीव खालीवर व्हायचा, पण भरला. का, ते तुला तेव्हा सांगितलं नाही. विमा काढायच्या आधी आम्ही दोघी तुमच्याकडे राहिलो होतो ना, तेव्हा दाजींचा आवाज चढला की ठमी पलंगाखाली जायची. आणि तू भांडी मुद्दाम जोरात घासायचीस.

आता खर्च मिळवायचा तर इजा कशी झाली ते फॉर्मवर लिहावं लागतं. विमावाला म्हणतो, "पायरीवरून पडली असं लिहा, पैसे लगेच सुटतील. कुणी मारलं म्हणालात तर चौकशी लागेल, कदाचित दमडीही मिळणार नाही." तुमच्याकडे ठमी बाहेरच्या खोलीत किंचाळली, त्या दिवशी तूही धावत माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊन हेच म्हणालीस. "अगं, पायरीवरून घसरली."

ताई, तुझ्या घराला पायरी एकच आहे. वीतभरही उंच नाही. मागच्या वर्षी तुझा हात मोडला तोही त्याच पायरीवरून पडून. तेव्हा तू डोळ्यांनी मला गप्प केलंस आणि मी गप्प बसले. आता नाही बसणार.

मी लिहून टाकलंय, बहिणीच्या नवऱ्याने लाथ मारली. पैसे बुडाले तर बुडू देत, पण ती पायरी माझ्या हातून लिहिली जाणार नाही.

फॉर्म मात्र अजून दिलेला नाही. चौकशीला कुणी तुमच्या दारात आलं, तर राग कुणावर निघेल ते मला कळतं गं. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तू आधी इथे ये, मग देते. नाही आलीस तर सगळा खर्च मी सोसेन आणि दर आठवड्याला तुझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहीन. माझ्यापासून तुझी सुटका नाही.

सोबत किल्ली आहे. कुलूप नवं बसवलंय. किल्ल्या दोनच, तिसरी मी कुणालाही करून देणार नाही, मग कुणी कितीही ओरडो. सामान राहू दे. दार वाजवू नकोस, उघडून सरळ आत ये.

आणि हो, माझ्या दाराला पायरी नाही.

तुझी आणि ठमीची,
धाकटी