चेहरा साफ करण्याचं काम

३ मार्च
पुन्हा एक! हनुवटीवर, बरोबर मधोमध. फोटो स्टुडिओत दिवसभर लोकांच्या पुटकुळ्या पुसते, त्याचाच पगार घेते, आणि माझं तोंड हे असं. कॉम्प्युटरवर एक क्लिक केलं की डाग गायब. आरशाला तेवढी सोय नाही.

आई परत म्हणाली, आपल्या दोघींचा एक फोटो काढू. चेहरा बरा झाल्यावर, म्हटलं. गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं.

६ मार्च
मावशीचं ऐकून टूथपेस्ट लावून झोपले. सकाळी गाल भाजल्यासारखा लाल. दादा म्हणे, त्यापेक्षा दात तरी घासायचेस! बाथरूममध्ये जाऊन रडले. कामावर ओढणी गुंडाळून गेले.

११ मार्च
शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. वाटलं होतं, तोंड धूत नाहीस म्हणून बोलणी खावी लागणार. तसं काही नाही. त्वचेत तेल जास्त सुटतं, मेलेल्या पेशींनी छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. हार्मोन्सचा हात मोठा. म्हणजे माझा दोष नाही — हे ऐकूनच निम्मं बरं वाटलं.

सौम्य फेसवॉश. रात्री वाटाण्याएवढं मलम, सबंध चेहऱ्याला मिळून. आणि फोडायचं नाही. "फोडलीस तर पुटकुळी जाईल, खड्डा राहील." फरक दिसायला दोन-तीन महिने! तोवर काय डोक्यावर पिशवी घालून फिरू?

१५ मार्च
अतिशहाणपणा केला. मलम तिप्पट थापलं. कातडी सोलवटली, हसलं तरी ओढ बसते. डॉक्टरीणबाईंनी फोनवर चांगलंच झापलं. आता काही दिवस बंद, मग एक दिवसाआड.

२० मार्च
परवा एक बाई पेनड्राइव्ह देऊन गेल्या होत्या, मुलीचा फोटो मोठा करून हवा म्हणून. आमच्याकडे चेहरा आला की आधी साफ करायचा, विचारायची पद्धतच नाही. मी केला. इतका छान की माझं मलाच कौतुक वाटलं. आज त्या न्यायला आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "ही माझी मुलगी नाही."

मुलगी गेली. तापाचं निमित्त झालं. घरात लावायला हा एकच फोटो. पुटकुळ्यांपायी काढूच द्यायची नाही म्हणे. हा तिच्या नकळत काढलेला. "तिच्या पुटकुळ्या परत आणून द्या."

कुठून आणू? मालक रोज कानीकपाळी ओरडतात, आधी कॉपी, मग काम. मी पेनड्राइव्हवरच उघडला होता, तिथेच सेव्ह केला होता. मूळ फोटो राहिलाच नाही, बाईंकडेही दुसरी प्रत नव्हती. तसं त्यांना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. डोळे मिटून सांगत गेल्या. कपाळावर केसांच्या कडेला बारीक बारीक. उजव्या गालावर एक मोठी. हनुवटीवर खड्डा — फोडू नकोस म्हणून रोज भांडायच्या तिच्याशी. मी स्क्रीनवर एकेक परत रंगवत गेले. शेवटी त्यांनी स्क्रीनवरच्या हनुवटीला बोट लावलं.

"हं. आता ती वाटते."

२१ मार्च
आईला स्टुडिओत नेलं. मालकांनी आम्हा दोघींचा फोटो काढला. आधी कॉपी केली. मग कशालाच हात लावला नाही.