निर्मल यांची ओळ

दि. ३ डिसेंबर
सकाळी ग्रा.पं.त बैठक. सूनबाईंनी, वैशालीने, बिबट्याच्या इशाऱ्याचे ॲप दाखवले. कोणास बिबट्या दिसला की बटण दाबायचे. शिवारातले सगळे फोन वाजतात. ऊसतोड चालू आहे, उपयोग उघड आहे. मूळ रचना तिची नव्हे. आसामातील निर्मल नावाच्या गृहस्थांनी हत्तींसाठी केलेली, सर्वांस खुली. अट एकच: घ्या, बदला, वाटा, माझे नाव व ही परवानगी सोबत ठेवा. तिने ती ओळ 'माहिती' या पानावर सर्वांत वर ठेवली होती.

सरपंच: "सर, ह्यो निर्मल कोन? गावात कोन वळखतंय त्याला? त्या जागी आपल्या पंचायतीची समिती बसती की!"

मी दुजोरा दिला. दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क उरत नाही. नावाची अपेक्षा ठेवणारे दान हे दानच नव्हे.
वैशाली: "मामा, त्यांनी दान नाही केलं. वापरू दिलंय, अट घालून. आणि देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर नावं आहेत, ती?"
मी: "पंखा फिरू लागला की ती कोणाला वाचता येतात?"
सभा हसली.  सायंकाळी वैशालीने ओळ काढली.

दि. ४ डिसेंबर
कालचा युक्तिवाद कागदावर मांडून पाहिला. 'हे दान आहे' हेच सिद्ध करावयाचे होते, आणि तेच मी गृहीत धरले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत याच दोषावर लाल रेघ ओढण्यात उभी नोकरी सरली. शिवाय पंख्याचे उत्तर हे उत्तर नव्हतेच, टाळी होती. वैशालीला सांगितले नाही. का, ते…

दि. ११ डिसेंबर
शेजारच्या निमगाव सावा गावाच्या बाजूला बिबट्या दिसला. फोन वाजले, तोडणीच्या बायका पोरांना घेऊन वेळेत फडाबाहेर आल्या. दिवसभर लोक घरी येऊन वैशालीचे कौतुक करत होते. 'माहिती'च्या पानावर आता समितीची नावे. शेवटी 'मार्गदर्शक' म्हणून मी. ते पान पाहवत नाही. तरी उघडले.

दि. १९ डिसेंबर
निर्मल यांचा वैशालीला मेल. अतिशय सौम्य. गावाला उपयोग होतो याचा आनंद आहे; नाव कुठे दिसले नाही, चुकून राहिले असावे. 'चुकून' हा शब्द त्यांनी आमच्यासाठी शोधला.

ॲपची कर्ती म्हणून नाव वैशालीचे आहे. म्हणाली, "आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सगळे एकमेकांचं बघत असतात, मामा. उद्या म्हणतील, हिनं दुसऱ्याचं ढापलं."

सरपंचांना फोन केला. "आता कशाला उकरताय सर? आसामवरनं कोन येतंय बगायला? फ्लेक्सबी छापून आलेत राव!"
मी: "ती ओळ परत येईल, अथवा माझे नाव जाईल."
"बरं बरं, तुमी लई तापू नका."
वैशालीने ओळ परत घातली, होती तिथेच.

दि. २० डिसेंबर
निर्मल यांना काय लिहायचे ते एकत्र ठरवू, असे म्हणालो. उत्तर तिने कालच धाडले होते. वाचले: 'आपले नाव माझ्याकडून राहून गेले. क्षमस्व.' माझा उल्लेख नाही.

"हे खरे नाही, वैशाली."
"काढलं तर मीच ना?"
"माझ्या सांगण्यावरून. तू विरोध केला होतास."
"घरातलं भांडण आसामला कशाला पाठवायचं, मामा?" म्हणाली, आणि दूध उतू जाते आहे म्हणून आत गेली.

ज्याने निर्माण केले त्याचे नाव मी गाळले. आता ज्याने गाळले त्याचे तिने गाळले आहे, केवळ माझा मान राहावा म्हणून. हे सहन होत नाही.

दि. २२ डिसेंबर
निर्मल यांचे उत्तर नाही.
चार वाक्यांचा मेल तयार केला: निर्णय माझा, सूनबाईंचा विरोध होता, मी तो हसण्यावारी नेला, दोष सर्वस्वी माझा. विधानांत खोट नाही. परंतु तो पाठवला तर तिचे 'राहून गेले' खोटे ठरते. न पाठवावा, तर ती त्या गृहस्थांच्या लेखी निष्काळजी राहते. दोन्हीकडे किंमत वैशालीच मोजणार.

तिला दाखवला. उभ्यानेच वाचला. "इंग्रजी छान आहे, मामा," एवढेच म्हणाली. निर्मल यांचा पत्ता माझ्या फोनवर घालून दिला आणि कामाला बसली.

दुपार झाली. पाठवलेला नाही. खोडलेलाही नाही.