मंजूच्या रक्ताचा कागद

प्रिय रत्नक्का,

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी, कॉलेज भरायच्या आधी, मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकटाच गेलो, सुईनं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बावीस वर्षं मी इथं पोरांना कांद्याचा पापुद्रा काढून देतोय, सांगाड्यावरची धूळ पुसतोय, पण स्वतःचं रक्त कधी पाहिलं नव्हतं. अंगठ्यानं मधे दाबलेल्या पेढ्यासारख्या गोल गोल पेशी दिसल्या. चांगल्या की वाईट, काही कळेना. ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, असं आमच्या प्राध्यापक बाई शनिवारीच म्हणाल्या होत्या, तरी राहवलं नाही.

झालं असं, की कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि आपल्या भुवीच्या कागदावर 'थॅलेसेमिया मायनर' असं आलं. घाबरू नकोस, पोरगी ठणठणीत आहे. मी तो कागद आठ दिवस देव्हाऱ्यामागं ठेवला, मग बाईंना दाखवला. त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. रक्ताचा लाल रंग कसा बनवायचा ते शरीरात दोनदा लिहिलेलं असतं, एकदा आईकडून, एकदा बापाकडून. एक बिघडलं तरी दुसऱ्यावर भागतं. दोन्ही बिघडलेली आली, तर लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "विरुपाक्ष, तुमचं लग्न नात्यातलं का हो?"

मी नुसती मान हलवली. शांती आपल्या मामाची पोर, हे तुला काय सांगायचं! आम्ही दोघांनीही तपासायला रक्त दिलं. दोघांच्याही कागदावर तेच आलं.

अक्का, ते कागद आले त्या रात्रीपासून मला आपला प्रभू दिसतो. दोन वर्षांचा होऊन गेला, पांढराफटक, पोट फुगलेलं. तेव्हा तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणालीस, "शांतीनं पाच सोमवार मोडले, म्हणून सिद्धरामानं लेकरू नेलं." मी तिचा नवरा, खाली मान घालून उभा राहिलो. तेव्हापासून ती सोमवारी पाणीसुद्धा पीत नाही. परवा मी तिला दोन्ही कागद दाखवले आणि म्हणालो, अर्धं माझ्याकडून आलं, अर्धं तुझ्याकडून, सोमवारांचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "हे तवाच का न्हाय कळलं वो?" आणि भाकरी थापायला उठली.

देवावरचा माझा विश्वास ढळलेला नाही. बाई उत्क्रांती शिकवतात तेव्हा मी दाराशी उभा राहून ऐकतो. म्हणे हाच बिघाड एकेरी असला, तर फार पूर्वी हिवतापाच्या मुलखात तो माणसांना वाचवायचा, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्यानं आपले पूर्वज तगले, त्यानंच माझं लेकरू गेलं. यात कोप कुणाचा म्हणायचा? मी विभूती लावताना रोज हाच विचार करतो.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहितो. भुवीच्या बारशाला तू पाळण्यात इरकलीचा खण टाकून म्हणालीस, "ही माझ्या मंजूची." मीही हो म्हणालो, भाच्याला लेक द्यायची म्हणून अभिमानानं म्हणालो. पण जे माझ्यात आहे ते तुझ्यातही असू शकतं, तुझ्यातून मंजूत. म्हणून तुला न विचारता मी मंजूच्या वर्कशॉपवर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो हसला, "मामा, हुंडा मागाल वाटलं, तुमी तर रक्त मागताय की!" तिथंच त्यानं बाही वर केली. चार दिवसांनी त्याचा कागद आला. त्यातही तेच, अक्का. तो ठणठणीत आहे, त्यालाही काही होणार नाही. पण दोघांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळामागं चारांत एक भीती, प्रभूसारखं होण्याची.

पोटातल्या बाळाची तपासणी होते, हेही मी दोघांना समोर बसवून सांगितलं. काहीच लपवलं नाही. मंजू भुवीकडं बघत राहिला. भुवी म्हणाली, "आप्पा, दर खेपेला कागदाची वाट बघत मला जगायचं न्हाय." मंजू म्हणाला, "मलाबी न्हाय. पर आईला तुमीच सांगा, मामा. माझ्यानं व्हायचं न्हाय."

तीनदा फोन हातात घेतला. तुझा आवाज कानावर पडला असता, तर मी पुन्हा अंगणातल्यासारखा खाली मान घालून गप्प बसलो असतो, म्हणून पत्र. तू साड्या घेतल्यास, अक्कलकोटात घरोघर सांगून आलीस, हे मला ठाऊक आहे. तू माझं तोंड बघणार नाहीस, या भीतीनं पंधरा दिवस मला जेवण गेलेलं नाही. तरी हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये. आज सकाळी मी मंगल कार्यालयात जाऊन साखरपुड्याची तारीख रद्द करून आलो.

तुझाच धाकटा,
विरुपाक्ष