‘वर्क्ड’ की ‘हॅव वर्क्ड’?

प्रिय रविकिरण,

फोनवर तू विषय बदलतोस आणि मेसेज नंतर पुसता येतो, म्हणून कागदावर लिहितेय.

होळीनंतर आपला साखरपुडा झाला, तेव्हा माझ्या काकांनी नोकरीचं विचारलं. तू ऐटीत म्हणालास, ‘आय हॅव वर्क्ड इन हैदराबाद फॉर थ्री इयर्स.’ मी चाकूरच्या शाळेत इंग्रजी शिकवते, माझा कान लगेच तिकडं गेला. वाक्य बरोबर होतं. म्हणजे तीन वर्षं काम करत आलोय आणि अजून करतोय. असा जावई मिळाला म्हणून अप्पा किती खूश झाले होते! पण गेल्या महिन्यात माझी मैत्रीण अक्षरा माझ्या फोनच्या स्पीकरवर तुझ्याशी बोलली, तेव्हा तू म्हणालास, ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स.’ म्हणजे केलं आणि संपलं. मधला ‘हॅव’ कुठं गेला?

आधी मी स्वतःलाच दटावलं. बोलण्याच्या भरात एवढं कोण बघतं? माझी दहावीची पोरं रोज हीच चूक करतात. पण मग मी तुझ्या फोनमागचे आवाज ऐकायला लागले. तू म्हणायचास, ‘ऑफिसात काम करून राहिलोय,’ आणि मागं कुकरची शिट्टी व्हायची. एकदा विचारलं, तर ‘बाजूचा टीव्ही आहे’ म्हणालास. ऑफिसात टीव्ही? मला वाटलं, तिकडं कुणी बाई असेल. स्वयंपाक तीच करत असेल. मला घास गोड लागेना.

म्हणून परवा अक्षराबरोबर तुझ्या आईंना विचारायला नांदेडला आले, तेव्हा तुला कळवलं नाही. दुपारी तुमच्या घराचं दार वाजवलं. मला बघून तुझ्या आईंचा चेहराच उतरला. आतल्या खोलीत तू पाठमोरा लॅपटॉपसमोर बसला होतास. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. मुलाखत चालली होती. ‘आय वर्क्ड इन हैदराबाद फॉर थ्री इयर्स.’ तेच वाक्य, तोच सूर. आई माझा हात धरून हळूच म्हणाल्या, ‘उन्हाळ्यापासून घरीच हाय गं. लग्न मोडंल म्हणून बोलला न्हाई.’ मी पाणीसुद्धा न पिता निघाले.

त्यांनी तुला सांगितलं नसावं. कारण संध्याकाळी तुझा फोन आला, ‘आज ऑफिसात लई काम होतं.’ नोकरी गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. हे ऐकून मात्र भीती वाटली. आता आईंच्या शब्दावरही विश्वास बसेना. खरंच उन्हाळ्यापासून, की साखरपुड्याच्याही आधीपासून?

काल घरी सगळं सांगितलं. काका म्हणाले, ‘अंगठी परत करू.’ मी त्यांना रविवारपर्यंत थांबवलंय, त्यासाठीच हे पत्र. रविवारी उदगीरला आमच्या घरी ये. एकटा ये. नोकरी नसलेला नवरा मला चालेल, माझा पगार आहे. पण अप्पांसमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांग, आणि आणखी काही लपवलं असशील तर तेही. आला नाहीस, तर सोमवारी काका अंगठी घेऊन नांदेडला निघतील. मी त्यांना अडवणार नाही.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
वर्षाराणी